मोकळेपणाने बोला, असे सांगून कोणी बोलत नाही

खानदेशातील ज्या गटांबरोबर मी काम करते, त्यांत रावेर-यावल पट्ट्यातील, केळी धुऊन खोक्यांत भरणारी पॅकहाऊसे आहेत, जळगावातील लहान सॉफ्टवेअर कंपन्या आहेत आणि बचत गटांचे महासंघही आहेत. कामाचा एक टप्पा पुरा झाला की ते काम करणाऱ्या सगळ्यांनी एकत्र बसावे, काम प्रत्यक्षात कसे झाले ते आठवावे आणि पुढच्या टप्प्यात काय बदलायचे ते आपले आपण ठरवावे, अशी बैठक मी चालवते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तिला रेट्रोस्पेक्टिव्ह किंवा नुसते रेट्रो म्हणतात. पॅकहाऊसमध्ये आम्ही तिला मागोवा बैठक म्हणतो. या बैठकीच्या पद्धतींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु आपल्याकडे ती बसवताना जी अडचण सर्वांत आधी समोर येते, तिच्याबद्दल मराठीत फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. ती अडचण म्हणजे लोकांचे गप्प बसणे.

बैठकीच्या सुरुवातीला बहुतेक जण एक वाक्य आवर्जून म्हणतात: इथे कोणी लहान-मोठे नाही, सगळ्यांनी मोकळेपणाने बोला. वाक्य मनापासूनचे असते आणि त्यानंतर पसरणारी शांतताही तितकीच खरी असते. ही शांतता लोकांच्या भिडस्त स्वभावातून येते, असे मला वाटत नाही. हीच माणसे ट्रॉलीवर बसून घरी जाताना त्याच कामाबद्दल अतिशय नेमके बोलत असतात. बैठकीत ती गप्प राहतात, कारण बोलल्याने काय होईल याचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा चांगला असतो. म्हणून बोलण्याचे आवाहन करण्यापेक्षा, बोलणे ज्यामुळे महाग पडते ती रचना बदलणे, हे बैठक चालवणाऱ्याचे खरे काम आहे, अशा मताला मी आले आहे.

ही रचना आपल्याकडे कशी असते, ते थोडे उलगडून सांगते. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या पॅकहाऊसमध्ये जे एकत्र काम करतात, त्यांचे एकमेकांशी असलेले नाते केवळ कामाचे नसते. कंपनीचा संचालक हा ज्या शेतात कापणी चालू आहे त्या शेताचा मालक असू शकतो. कापणीच्या टोळीतील मजुरांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हौदावर फण्या धुणाऱ्या बाईचा दीर ट्रॅक्टर चालवत असतो, आणि खोकी मोजणारा सुपरवायझर तिच्या मुलाच्या शाळेच्या समितीवर असतो. अशा ठिकाणी ‘ट्रॅक्टर उशिरा आला’ एवढे साधे वाक्यसुद्धा संध्याकाळी घरात जाऊन पोहोचते. पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयात सहकाऱ्याच्या कामातील उणीव सांगणे अवघड असते, हे मला मान्य आहे, कारण मी तिथेही काम केले आहे. परंतु तिथे बैठक संपली की निदान माणसे वेगवेगळ्या घरी जातात.

याला दुसरी एक सवय जोडलेली आहे, ती आढावा बैठकीची. तहसील कार्यालयापासून सहकारी संस्थेपर्यंत आपल्याला जी बैठक माहीत आहे, तिच्यात वर बसलेला माणूस आकडे विचारतो आणि खाली बसलेला उत्तर देतो. आकडा कमी असेल तर कारण द्यावे लागते आणि कारण म्हणून सहसा दुसऱ्या कोणाचे तरी नाव पुढे केले जाते. लोक मागोवा बैठकीला येतात ते हीच सवय घेऊन, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यामुळे ही बैठक त्या बैठकीसारखी नाही, हे त्यांना सांगून कळत नाही. बसण्याच्या जागेपासून पहिल्या प्रश्नापर्यंत सगळे वेगळे दिसावे लागते.

मागे वळून पाहण्याची पद्धत मुळात कुठून आली, ते इथे थोडक्यात सांगणे उपयोगी ठरेल, कारण तिच्या मुळाशीच हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सैन्यात १९७० च्या दशकात सराव संपल्यावर चर्चा करण्याची एक रीत घडवली गेली. काय व्हायला हवे होते, काय झाले, फरक का पडला आणि पुढे काय करायचे, हे चार प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहेत, आणि कनिष्ठ सैनिकानेही अधिकाऱ्यासमोर बोलणे त्या रीतीत अपेक्षित असते. सॉफ्टवेअर क्षेत्रात २००१ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी अजाइलचा, म्हणजे लहान टप्प्यांत काम करत बदल सामावून घेण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्याच्यासोबत मांडलेल्या १२ तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व, संघाने ठरावीक अंतराने आपल्या कामाच्या पद्धतीचा विचार करून ती सुधारत राहावी, असे आहे. त्याच वर्षी नॉर्मन कर्थ यांनी या बैठकांवरील आपल्या पुस्तकात एक मूलभूत अट घातली: बैठकीत काहीही उघड झाले, तरी प्रत्येकाने त्या वेळची आपली माहिती, कौशल्य, हाताशी असलेली साधने आणि परिस्थिती पाहता आपल्या परीने उत्तम तेच केले, असे धरून चालायचे. पुढे २००६ मध्ये एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी बैठकीचे पाच टप्पे मांडले: वातावरण तयार करणे, घडलेले गोळा करणे, त्याचा अर्थ लावणे, काय करायचे ते ठरवणे आणि बैठक आवरती घेणे. आजही बहुतेक संघ याच चौकटीत काम करतात आणि मीही तीच वापरते.

कर्थ यांची अट बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये आहे. पॅकहाऊसमध्ये ती वाचून दाखवल्यास लोक आदराने ऐकतात आणि नंतर पूर्वीसारखेच गप्प बसतात. म्हणून मी ती वाचत नाही, तर ती प्रश्नांच्या रूपात वापरते. ‘कोणी’ आणि ‘का’ हे दोन प्रश्न बैठकीच्या पूर्वार्धात मी कटाक्षाने टाळते आणि त्यांच्या जागी केव्हा, कुठे आणि किती, असे विचारते. ‘घड उन्हात कोणी ठेवले?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नाव येते किंवा मौन येते. ‘घड किती वाजता कापला गेला आणि किती वाजता हौदावर आला?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून दोन वेळा येतात आणि त्या सांगताना कोणालाही कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही.

एका पॅकहाऊसमधील बैठकीचे उदाहरण सविस्तर देते. पूर्वी या भागातील बहुतेक केळी घडानिशी ट्रकमध्ये किंवा सावदा-रावेरहून रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून उत्तर भारताकडे जात असत आणि सालीवरच्या बारीकसारीक ओरखड्यांना तिथे फारसे महत्त्व नसे. निर्यातीच्या खोक्यात मात्र डाग चालत नाही. त्यासाठी घड जमिनीला न टेकवता शेताच्या बांधापर्यंत आणायचा, फोम घातलेल्या ट्रॉलीत ठेवायचा, पॅकहाऊसमध्ये दांड्यापासून फण्या वेगळ्या करायच्या, चीक निघून जावा म्हणून त्या हौदात धुवायच्या, मग वजन करून साधारण १३ किलोचे खोके भरायचे आणि थंड करून १३ ते १४ अंश तापमानाच्या कंटेनरमध्ये चढवायचे, अशी साखळी असते. या साखळीत शेतकरी, कापणीची टोळी, ट्रॅक्टरचालक, हौदावरच्या बायका, पॅकिंग करणारे आणि खरेदीदाराचा तपासनीस असे निरनिराळे गट येतात, आणि प्रत्येकाला फक्त आपलाच टप्पा दिसतो. त्या हंगामात चिकाच्या डागांमुळे बरीच खोकी नाकारली जात होती. कापणारे म्हणत की धुणे नीट होत नाही. हौदावरच्या बायका काहीच म्हणत नसत. संचालकांनी पाण्यात तुरटी वाढवून पाहिली होती, तरी फरक पडला नव्हता.

बैठकीच्या आधी मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली म्हणजे बैठकीचा वेळ रोजात धरला जावा. रोजंदारीवरच्या बाईला काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास थांबवायचे, तर तिची घरची भाकरी उशिरा होते आणि हा वेळ बिनपैशाचा असेल तर बैठकीत तिचे लक्ष दाराकडेच राहते. ते स्वाभाविक आहे. दुसरी गोष्ट बसण्याची. संचालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मजुरांसाठी सतरंजी, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कोणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही खुर्च्या मुळीच मांडल्या नाहीत. सगळे सतरंजीवर गोल बसले, आणि ज्यांना गुडघेदुखीमुळे खाली बसता येत नव्हते त्यांच्यासाठी, त्यात दोन मजूर बायकाही होत्या, पॅकिंगची रिकामी क्रेट पालथी घालून दिली.

त्या कंपनीतील सर्वांत ज्येष्ठ संचालकांना सगळे आबा म्हणतात. माणूस अतिशय जाणता आहे, आणि नेमक्या याच कारणामुळे ते बोलले की विषय संपतो. अशा व्यक्तीला बैठकीपासून दूर ठेवावे, असे पुष्कळदा सुचवले जाते. मला ते पटत नाही, कारण निर्णय अमलात आणायचा तर त्यांनी तो घडताना पाहिलेला असणे आवश्यक असते. मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, ‘आबा, उद्या तुमचं बोलणं आपण सगळ्यांत शेवटी ठेवू. तोवर तुम्ही फक्त ऐकायचं, आणि शेवटी आज तुम्हाला नवीन काय कळलं तेवढंच सांगायचं.’ त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, ‘म्हणजे निकाल द्यायचा नाही?’ ‘नाही द्यायचा,’ मी म्हणाले आणि त्यांनी ते मान्य केले. ज्येष्ठांचा मान आणि कनिष्ठांचे बोलणे यांत विरोध आहे, असे आपण उगीच धरून चालतो. शेवटी बोलणे हाही मानच आहे, फक्त तो आधी घरी जाऊन, नीट विचारून द्यावा लागतो.

प्रत्यक्ष बैठकीत सतरंजीच्या मध्यभागी आम्ही एक दोरी पसरली. तिच्या एका टोकाला पहाटेची कापणी आणि दुसऱ्या टोकाला कंटेनर. मधल्या प्रत्येक टप्प्यासाठी खरी वस्तू ठेवली: कोयता, फोमचा तुकडा, हौदावरचा मग, खोके. जमलेल्यांपैकी काहींना लिहिता येत नव्हते, त्यामुळे चिठ्ठ्या लिहून घेण्याची पद्धत इथे उपयोगाची नव्हती. त्याऐवजी मी सगळ्यांना जोड्यांमध्ये बसवले. एका जोडीत एकाच टोळीतील दोघे नसतील आणि घरातले नातेही नसेल, एवढे पाहिले. प्रत्येक जोडीने आपापसांत बोलून, आजच्या दिवसात काम कुठे थांबून राहिले तिथे मक्याचा एक दाणा ठेवायचा होता. जोडीचे बोलणे दोघांपैकी कोणीही सांगितले तरी चालेल, आणि ‘आमच्या जोडीला असे दिसले’ अशाच शब्दांत सांगावे, असे ठरले. त्यामुळे कोणते निरीक्षण कोणाचे, हे उघड होत नाही. माझ्या अनुभवात ही साधी सोय मोकळेपणाच्या कोणत्याही आवाहनापेक्षा जास्त काम करते.

दाणे सगळीकडे विखुरले, पण सर्वांत दाट पडले ते शेताचा बांध आणि ट्रॉली यांच्या मधल्या जागेत. मग केव्हा आणि किती, हे प्रश्न सुरू झाले. हौदावरच्या एका बाईने हळू आवाजात सांगितले, ‘अकरानंतर जो माल येतो ना ताई, त्याला चीक जास्त राहतो. सकाळच्या मालाला नाही राहत.’ हे तिला हंगामाच्या सुरुवातीपासून माहीत होते. तिला ते कोणी विचारले नव्हते, आणि आपण होऊन सांगितले असते तर ते ट्रॅक्टर चालवणाऱ्या दिराविरुद्धची तक्रार ठरले असते. आता मात्र दोरीवर ती केवळ एक वेळ होती. चालकाने लगेच सांगितले की अकराच्या सुमारास तोच ट्रॅक्टर दुसऱ्या शेतात रिकामी खोकी आणि फोम पोहोचवायला पाठवला जातो. मुकादम म्हणाला की टोळीचे पैसे घडांवर ठरलेले असल्याने ट्रॉली आली नाही तरी कापणी थांबत नाही, कापलेले घड बांधावर एकावर एक साचत राहतात. म्हणजे घडांच्या राशीत दांड्यांचा चीक खालच्या फण्यांवर गळत होता, उन्हात वाळत होता आणि हौदात पोहोचेपर्यंत तो धुऊन निघण्यापलीकडे गेलेला असे. यात कोणीही आळस केला नव्हता. प्रत्येक जण आपल्याला सांगितलेले काम चोख करत होता आणि डाग त्या कामांच्या मधल्या फटीत तयार होत होता.

उपाय अनेक सुचले: दुसरा ट्रॅक्टर, बांधावर सावलीचे जाळे, घडांवर मजुरी देण्याची पद्धत बदलणे. बैठक चालवणाऱ्याला याच टप्प्यावर सर्वांत कडक राहावे लागते. मी प्रत्येकाला तीन दाणे दिले आणि पुढच्या आठवड्यात आपल्या हातात असलेल्या, मोठा खर्च न लागणाऱ्या उपायावर ते ठेवायला सांगितले. निवडला गेलेला उपाय असा: ट्रॉली बांधावर पोहोचली की मुकादमाला फोन जाईल आणि त्यानंतरच पुढच्या ओळीची कापणी सुरू होईल, फोन चालक करील, आणि टोळीचा जो वेळ थांबण्यात जाईल, त्यासाठी आठवडाभर किमान मजुरी धरण्याचे संचालकांनी कबूल केले. एक निर्णय, तो पाळणाऱ्यांची नावे आणि पुन्हा पाहण्याचा दिवस. शेवटी आबा बोलले. सकाळच्या आणि दुपारच्या मालातला फरक आपल्याला इतकी वर्षे केळीत राहूनही माहीत नव्हता, एवढेच त्यांनी सांगितले. आबांच्या त्या वाक्यानंतर पुढच्या बैठकीत बायका किती वेगळ्या रीतीने बोलल्या, ते मी पाहिले आहे.

अशा बैठका सुरू झाल्या की पहिल्या काही आठवड्यांत तक्रारी आणि चुका वाढल्यासारख्या दिसतात आणि संचालक मंडळ अस्वस्थ होते. त्यांना मी अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या संशोधनाबद्दल सांगते. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगले संघ कमी चुका करत असतील, अशी अपेक्षा होती, परंतु ज्या परिचारिका-गटांत आपसातले संबंध आणि नेतृत्व चांगले होते, तिथेच नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या लपवल्या जात नव्हत्या, असा उलगडा त्यांनी पुढे मांडला. नंतर वस्तू तयार करणाऱ्या एका कंपनीतील ५१ संघांचा अभ्यास करून १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की बोलल्याने अपमान किंवा शिक्षा होणार नाही, असा विश्वास जिथे असतो, तिथे संघ अधिक शिकतो आणि त्याचे कामही सुधारते. संचालकांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो, कारण आजवर त्यांच्यासाठी तक्रार नसणे म्हणजेच सगळे ठीक असणे होते. नोंद वाढणे आणि नुकसान वाढणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत लिहायला लावणे, हा मला सापडलेला सर्वांत सोपा मार्ग आहे.

बैठकीत आणखी एका प्रवृत्तीला आवर घालावा लागतो. मे-जूनमधील वादळवाऱ्याने उभी बाग आडवी झाली की नंतर प्रत्येक जण म्हणतो, ‘दिसतच होतं, चार दिवस आधी कापायला हवं होतं.’ परिणाम कळल्यावर तो आधीपासूनच उघड होता असे वाटणे, हा मनाचा सर्वसाधारण धर्म आहे, हे मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. त्यांनी लोकांना १८१४ मधील इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली होती. ज्यांना त्याचा अमुक शेवट झाला असे सांगितले गेले, त्यांना तोच शेवट आधीपासून अधिक संभवनीय होता असे वाटले. मागोवा बैठकीत याचा परिणाम फार कठोर होतो, कारण निर्णय घेणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्या दिवशी त्याच्यासमोर जे अनेक रस्ते होते, त्यांतला एकच आता सर्वांना दिसत असतो. म्हणून अशा प्रसंगी निर्णयावर चर्चा करण्याआधी मी सर्वांना त्या दिवशीच्या सकाळी परत नेते. त्या दिवशी हवामानाचा अंदाज काय होता, भाव काय चालला होता, टोळी मिळत होती का, माल किती भरला होता, हे सगळे दोरीवर मांडून झाल्याशिवाय ‘काय करायला हवे होते’ या वाक्याला मी जागा देत नाही.

सॉफ्टवेअरच्या संघांबद्दल इथे फार लिहीत नाही. तिथे दर दोन आठवड्यांनी ही बैठक ठरलेली असते, तिची साधने तयार असतात आणि नाव न दाखवता लिहिता येईल असे ऑनलाइन फलकही असतात. स्क्रम या, ठरावीक टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीच्या मार्गदर्शिकेत एक महिन्याच्या टप्प्यासाठी या बैठकीला जास्तीत जास्त तीन तासांची मर्यादा आहे आणि लहान टप्प्यासाठी वेळ त्याहून कमी लागतो. जळगावात बसून पुण्याच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या तरुण मुलामुलींना अडचण येते ती भाषेची. बैठक इंग्रजीत सुरू झाली की ग्रामीण महाविद्यालयातून आलेली, कामात अतिशय हुशार असलेली मुलगी ‘ऑल गुड’ एवढेच लिहून थांबते. पहिली फेरी मराठीत, आणि ज्यांना हवे त्यांनी अहिराणीत घ्यावी, असे मी सुचवते. प्रत्येकाने सुरुवातीलाच एक तरी वाक्य उच्चारावे, याचाही आग्रह धरते, कारण पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा आवाज ऐकू आला नाही, तो शेवटपर्यंत ऐकू येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

बचत गटांची गोष्ट निराळी. भरीत आणि मांड्यांचा स्टॉल लावणाऱ्या बायकांना बोलते करावे लागत नाही. त्या सगळ्या एकदम बोलतात. तिथे बैठक चालवणाऱ्याचे काम म्हणजे आठवणी वेळेच्या क्रमाने लावणे. वांगी कपाशीच्या काड्यांवर केव्हा भाजायला घेतली, रांग केव्हा लागली, पुऱ्या केव्हा संपल्या, हे क्रमाने मांडले की भांडणाचा निम्मा भाग आपोआप गळून पडतो.

या बैठकीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण चांगल्या हेतूने ती भलत्या ठिकाणी वापरली जाते. थकलेली मजुरी, चोरीचा संशय किंवा स्त्रियांशी गैरवर्तन हे विषय सतरंजीवर गोल बसून सोडवायचे नाहीत. गैरवर्तनासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे; दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. असा विषय बैठकीत निघाला तर मी तिथेच चर्चा थांबवते, त्या स्त्रीशी नंतर एकटीशी बोलते आणि तिला हा मार्ग सांगते. सर्वांनी समजून घ्यावे, असे म्हणत अशी गोष्ट सामूहिक चर्चेत विरघळवणे, हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

बैठकीची नोंद कोणाकडे जाते, यावरही पुढचे बोलणे अवलंबून असते. निर्णय, तो पाळणाऱ्यांची नावे आणि तारीख एवढेच भिंतीवर लावले जाते. कोण काय म्हणाले, ते कागदावर येत नाही आणि मीही ते संचालकांना सांगत नाही, त्यांनी कितीही आपुलकीने विचारले तरी. पुढची बैठक मी नेहमी मागच्या निर्णयापासून सुरू करते: पाळला गेला का, नसेल तर काय आडवे आले, आणि पाळूनही उपयोग झाला नसेल तर तो सोडून द्यायचा का. सलग दोन बैठकांत मागचा निर्णय जिथल्या तिथे पडून असेल, तर तिसऱ्या बैठकीत नवे काही विचारू नये, असे माझे ठाम मत आहे. लोकांनी जोखीम घेऊन सांगितलेले वाया गेले, हे त्यांना दिसलेले असते. आधी ती एक गोष्ट पुरी करावी.

या सगळ्यात एक प्रश्न माझ्यासाठी अजून सुटलेला नाही. कापणीच्या टोळ्या एका पॅकहाऊसला बांधलेल्या नसतात. आज रावेरला, परवा चोपड्याकडे, आणि काम मिळाले तर सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला, अशा त्या फिरत असतात. एका ठिकाणी ठरलेली गोष्ट दुसरी टोळी आली की पुन्हा शून्यावर येते आणि हौदावरच्या बायकांना तेच निरीक्षण नव्याने सांगावे लागते. सध्या आम्ही असे करून पाहत आहोत की नव्या टोळीच्या पहिल्या सकाळी, कापणीला हात लावण्याआधी, हौदावरची एक बाई आणि ट्रॅक्टरचालक शेतात जाऊन मुकादमाला भिंतीवरचे निर्णय सांगतात आणि त्यांत तुमच्या सोयीचे काय नाही, असे त्याला विचारतात. किमान मजुरीचा मुद्दा मुकादम त्याच वेळी काढतात आणि तो संचालकांकडे पोहोचवण्याचे काम त्या बाईकडेच दिले आहे. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा संपताना लावलेल्या केळीची, कापणी सुरू झाली की या पद्धतीने निर्णय टोळीबरोबर टिकतात की नाही, ते पुढच्या बैठकांमध्ये दोरीवर मांडून पाहणार आहोत. इतर ठिकाणी, विशेषतः नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मैदानावर, किंवा कापसाच्या जिनिंगमध्ये, फिरत्या टोळ्यांबरोबर असे काम कोणी करत असेल, तर त्यांनी काय केले ते जाणून घेण्याची मला मनापासून इच्छा आहे.